दीडशे मिमीचा आरसा: कड अखेर ताळ्यावर येतेय

शाळेच्या दुर्बिणीसाठी आम्ही हाताने घासतोय त्या आरशाची काल फूको टेस्ट केली (आरशावरून परतलेल्या प्रकाशाच्या वाटेत ब्लेडची धार सरकवून पृष्ठभागाचा आकार तपासायचा). उजव्या कडेची पांढरी कोर, म्हणजे कड बिघडल्याची खूण, पहिल्यांदा केसाइतकी बारीक दिसली. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा ती चांगली दोन-तीन मिलिमीटर जाड होती आणि आमच्या विज्ञान मंडळातली निम्मी मुलं ‘बाई, आता रॉकेट करू या’ म्हणायला लागली होती. म्हणून ही खबर आधी.

आरसा तोच, व्यास १५० मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे व्यासाच्या आठपट (एफ-८). पॉलिश पूर्ण चढलंय. लेझर पॉइंटर मारला तर ठिपका काचेच्या पृष्ठभागावर कुठेच उमटत नाही, अगदी कडेलासुद्धा नाही. आठवीच्या मुलांनी या एका खेळात अख्खा तास घालवला, मीही घालवू दिला. ८० नंबरच्या पावडरपासून काच घासलेल्या हातांना तेवढा हक्क आहेच.

घोडं अडलं होतं कडेवर. थंडीत पृष्ठभाग जवळजवळ गोलीय आला होता. ब्लेड सरकवलं की सगळा आरसा एकदम करडा व्हायचा. मार्च लागला आणि ब्लेडच्या विरुद्ध बाजूला कोर उजळायला लागली, म्हणजे कड उतरली, मधल्या भागापेक्षा जास्त घासली गेली. मग नेहमीचे सगळे उपाय झाले. स्ट्रोक, म्हणजे आरसा पुढे-मागे सरकवायचं अंतर, व्यासाच्या एक-तृतीयांशवरून एक-चतुर्थांशावर आणला. कडेवर तळवा टेकवायचा नाही, बोटं मध्यावरच, असा दंडक घातला. सिरियम (पॉलिशची पावडर) बदललं. (आधीचं एका व्यापाऱ्याने ‘ऑप्टिकल ग्रेड’ म्हणून गळ्यात मारलेलं. दोन बोटांत चोळलं की कचकच लागायची. काच-पॉलिशवाल्यांकडचं साधं सिरियम त्याहून बरं निघालं आणि स्वस्तही.) कोर ढिम्म.

धागा सापडला तो नववीतल्या एका मुलीच्या वहीत. टेस्टच्या नोंदीशेजारी ती खोलीचं तापमानही लिहीत होती, मी न सांगता. सकाळची शाळा सुरू झाल्यापासून मंडळ बारानंतर बसतं, आणि पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत तेव्हा पारा ३८ वर असतो. रविवारी सकाळी सातला काम केलं त्या नोंदींत कड जरा सुधारलेली, दुपारच्या प्रत्येक नोंदीत बिघडलेली. मग पिचकडे, म्हणजे ज्या डांबरासारख्या थरावर आरसा घासून पॉलिश करतो त्याकडे, नीट पाहिलं. सकाळी कोरलेल्या खाचा दुपारच्या कामात तासाभरात मिटत होत्या. पिच इतकं मऊ झालं की आरसा त्यात रुततो, कडेपाशी पिच फुगून वर येतं आणि नेमकी कडच जास्त घासली जाते. स्ट्रोक कितीही आखूड ठेवा, काय फरक पडणार?

माझं ठाम मत सांगते. पिचच्या बहुतेक कृती वीस अंशांच्या खोल्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. त्यातलं प्रमाण आपल्याकडे डिसेंबरात चालेल, एप्रिलात नाही. लोणच्याच्या मिठासारखं ते ऋतू बघूनच ठरवावं लागतं.

तर जुनं पिच खरवडून काढलं, टाकून द्यायच्या पातेल्यात मंद आचेवर वितळवलं (अंगणात, आणि टर्पेंटाइनची बाटली लांब ठेवून) आणि ते कडक व्हावं म्हणून त्यात थोडी थोडी राळ घालत गेलो. दर वेळी चमचाभर पिच पाण्यात टाकायचं, ते पाणी दुपारच्या खोलीच्याच तापमानाचं, आणि गोळी निवली की अंगठ्याचं नख रोवून बघायचं. पहिल्या गोळीत नख लोण्यात जावं तसं गेलं. शेवटच्या गोळीवर जोर लावून काही सेकंद दाबल्यावर जेमतेम खूण उठली. तिथे थांबलो. नव्या टूलच्या (पिच ओतलेल्या चकतीच्या) खाचा दुपारभर टिकतात. आवाजही बदललाय, आधीची चिकट ओढ गेली, आता एकसारखी हलकी सरसर ऐकू येते. कोर दर बैठकीला बारीक होत गेली.

मध्ये एकदा खोडदला जाऊन आलो. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिशखाली उभं राहून एकाने विचारलं, ‘बाई, याच्या जाळीतून तर बोट जाईल, मग आपण कशाला जीव काढतोय?’ परतीच्या एसटीत हिशेब झाला. त्यांच्या तरंगलांब्या २१ सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या, त्यांना बोटाएवढं भोक दिसतच नाही. आपला हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा, त्याचा आठवा भाग म्हणजे साधारण ७० नॅनोमीटर. इतकीच चूक माफ. तेव्हापासून रॉकेटचा विषय कुणी काढलेला नाही.

आता उरलेल्या केसभर कोरेचं काय? पहिला विचार होता की कडेचे दोन मिलिमीटर काळ्या कागदाच्या कड्याने झाकून टाकायचे. व्यास १४६ उरतो, प्रकाश पाचेक टक्के जातो, आरसा वाचतो. जुन्या खोडांना हे पटणार नाही, माहीत आहे. पण शाळेची दुर्बीण आहे, स्पर्धेला नाही जायची.

हे लिहिता लिहिताच वाटलं, झाकायची घाई कशाला? ॲल्युमिनियम चढवायच्या आधीही आरसा बघू देतोच. कोरी काच चारेक टक्के प्रकाश परतवते. उजेडाच्या हिशेबाने ती ३० मिमीची दुर्बीण झाली, पण बारकावे दीडशेचे. चंद्राला तेवढं पुरून उरतं. शिवाय स्वाती संध्याकाळी पूर्वेला आहेच, तिच्यावर स्टार टेस्ट करता येईल (ताऱ्याची प्रतिमा मुद्दाम अस्पष्ट करून आरसा तपासायचा). आयपीस नाभीच्या आत सरकवल्यावर चकतीची कड केसाळ दिसली तर कागदी कडं, स्वच्छ दिसली तर कड्याला रजा.

त्यासाठी नळीही नको. लांब फळी, एका टोकाला आरसा, दुसऱ्या टोकाला तिरपा आरसा आणि फोकसर, बस. त्यामुळे पीव्हीसी की प्लायवूड हा वाद जूनपर्यंत पुढे ढकलतेय (पीव्हीसी जड होतं, मी प्लायवूडच्या बाजूने आहे). परीक्षा संपल्या की त्याच आठवड्यात फळी गच्चीवर चढवू. कुणाकडे ३५ मिमी लघुअक्षाचा तिरपा आरसा पडून असेल तर कळवा. आमच्या हातचा कोपऱ्यावर टवका उडालेला आहे.