बोनव्हालच्या बाल्कनीतल्या शेण्या

इंटरप्रिटरचं काम लोकांना वाटतं तेवढं ग्लॅमरस नसतं. माझं फ्रेंच पुण्यात शिकून झालेलं, आणि आता ते पोटापाण्यासाठी वापरते म्हणजे बहुतेक वेळ बॉयलर, व्हॉल्व्ह, फॅट-एसएनएफ आणि इन्व्हॉइस यांचीच भाषांतरं करत असते. तर एकदा जूनच्या सुरुवातीला आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाचं डेलिगेशन घेऊन फ्रान्समध्ये गेले होते, चेअरमन साहेब, काही संचालक, दोन महिला संचालक आणि एक डेअरी केमिस्ट. त्या दौऱ्यातला जो दिवस अजून डोक्यात आहे तो डेअरीतला नाही, त्यानंतरच्या 'जरा फोटो काढू' स्टॉपचा आहे.

सकाळी आम्ही लाँसलबूरला होतो. सव्हॉय प्रांतातल्या ओत मोरिएन खोऱ्यातलं गाव, तिथं शेतकऱ्यांची सहकारी डेअरी आहे आणि ते बोफोर चीज बनवतात. (बोफोर म्हटल्यावर मागून "बोफोर्स? तोफेचं काय काम इथं?" आलंच, ते येणार होतंच.) हे चीज म्हणजे चाळीसेक किलोचं चाक, एक किलो करायला दहा लिटरच्या वर दूध लागतं, आणि कमीत कमी पाच महिने तळघरात पिकवायचं. चाकाची कड आत दबलेली असते, कारण ते लाकडी कड्यात दाबतात, आणि पूर्वी डोंगरावरनं खेचराच्या पाठीवर दोर आवळून आणायला तीच खाच उपयोगी पडायची असं सांगतात. केमिस्ट साहेबांनी भरपूर नोट्स घेतल्या, सगळं छान झालं. दुपारी मात्र मोकळा वेळ होता आणि संध्याकाळी माँ सनीचा घाट ओलांडून इटलीत तुरीनला मुक्काम, म्हणून एजंटनं मधे जेवण ठेवलं होतं खोऱ्याच्या अगदी टोकाच्या गावात, बोनव्हाल-स्युर-आर्कला.

हे गाव साधारण 1800 मीटरवर आहे, आर्क नदी याच्याच वरच्या बाजूला हिमनद्यांमधून निघते आणि पलीकडच्या धारेवर इटलीची हद्द. पुढं रस्ता इझराँच्या खिंडीवर चढतो, 2764 मीटर, आल्प्समधली सगळ्यात उंच डांबरी खिंड म्हणतात, 1937 साली राष्ट्राध्यक्ष लब्रँ यांच्या हस्ते उद्घाटन झालेली. पण आम्ही गेलो तेव्हा अजून बर्फामुळं बंद होती, म्हणजे बस जाऊन जाऊन इथपर्यंतच. हिवाळ्यात तर अख्खं गावच रस्त्याचा शेवट असतं आणि हिमस्खलनाची भीती असली की खालच्या बेसाँ गावाकडून येणारा रस्तापण बंद ठेवतात, की मग बसा. वर इटलीच्या बाजूनं वारा सुटतो, त्याला ते लाँबार्द म्हणतात, तो आला की खोऱ्यात बाकी कुठं नसेल एवढा बर्फ इथं पडतो.

ड्रायव्हर काकांनी (मूळचे पोर्तुगीज, एकदम शिस्तीचे) बस गावाबाहेर लावली आणि घड्याळ दाखवून मला बजावलं की माझी ड्यूटी सकाळी सहाला सुरू झालीय, टॅकोग्राफ (ड्रायव्हरच्या तासांची नोंद ठेवणारं बसमधलं यंत्र) खोटं बोलत नाही, जेवण आणि वर वीस मिनिटं, बास. मी सगळ्यांना सांगितलं. सगळे हो म्हणाले. आपल्या लोकांचं हो म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

गाव दिसायला एकदम एकसंध आहे. दगडी जाड भिंती, छपरावर कौल नाही की पत्रा नाही, दगडाच्याच मोठ्या फरशा, लोझ म्हणतात त्यांना, राखाडी रंगाच्या आणि त्यावर गंजल्यासारखं तांबूस शेवाळ. छपराचा उतार मुद्दाम कमी ठेवतात म्हणजे बर्फ घसरून न जाता वरच राहतो आणि घराला गोधडीसारखा उपयोगी पडतो. आणि एवढं वजन पेलायचं म्हणून आतली तुळई बघावी, आपल्या वाड्याची आठवण येईल अशी. घरं एकमेकांना इतकी चिकटून की बोळातनं दोन माणसं शेजारी चालली की खांद्याला खांदा. मला आधी वाटलं थंडीसाठी, तेही आहेच, पण खरी गोम अशी की खोऱ्यात सपाट जमीन अगदी चिमूटभर आणि ती लागते गवताला, घरं पसरून कशी चालतील. विजेच्या तारा दिसत नाहीत, टीव्हीचे अँटेना नाहीत, जुन्या गावठाणात गाड्या नाहीत.

जेवण झालं, फोटो झाले, आणि मी माणसं मोजायला लागले तर अण्णा नाहीत. अण्णा म्हणजे संचालकांमधले सगळ्यात ज्येष्ठ, धोतर-टोपी आणि वर पोरानं घेऊन दिलेलं चायनीज जाकीट. शोधत गेले तर एका बोळात मान वर करून उभे होते, एका बाल्कनीकडं बघत, आणि मला बघून म्हणाले, "म्याडम, हितं शेण्या वाळवत्यात!"

खरंच होत्या. बाल्कनीच्या कठड्याआड ओळीनं रचलेल्या, तपकिरी, विटेएवढ्या. फक्त आपल्यासारख्या गोल आणि हाताची बोटं उठलेल्या नाहीत, चौकोनी, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ, आणि मधे मधे गवताच्या काड्या डोकावणाऱ्या. अण्णांचं निरीक्षण लगेच, "थापल्याली न्हाई ही. कापल्याली हाय. आणि गाईचं न्हाई, शेरडामेंढराचं दिसतंय."

हे असं आमचं मोठ्यानं चाललेलं असताना घरातनं एक बाई बाहेर आल्या, साठीच्या पुढच्या, गमबूट घातलेल्या. मी माफी मागून सांगितलं की हे पाहुणे दूधवाले शेतकरी आहेत, यांना तुमच्या त्या विटांबद्दल विचारायचंय. बाईंना आधी वाटलं चेष्टा करतायत. मग अण्णांनी हातानं गोवरी थापायची ॲक्शन करून भिंतीवर आपटून दाखवली आणि बाई जे हसल्या! तिथून पुढं माझी वीस मिनिटं गेली ती गेलीच.

त्यांनी सांगितलं ते असं. एवढ्या उंचीवर झाडं मुळात कमी, सरपण मिळायचं नाही. मग मेंढ्यांचं शेण हिवाळाभर गोठ्यात तुडवून तुडवून घट्ट व्हायचं, ते फावड्यानं कापून विटा करायच्या आणि उन्हात बाल्कनीवर वाळवायच्या. ग्रबों म्हणतात त्याला. आता कोणी रोज जाळत नाही, थोड्या ठेवतात जुनी खूण म्हणून. आणि तरीही सरपण पुरायचं नाही म्हणून माणसं हिवाळ्यात गुरांबरोबर गोठ्यातच राहायची. या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं, म्हणजे बाईंच्या आईनं ते केलेलं. त्यांनी आम्हाला खाली नेलं. अर्धी जमिनीत गेलेली खोली, बुटकी कमान, एका बाजूला गव्हाणी, मधे गटार आणि दुसऱ्या बाजूला लाकडी फळ्यांचा उंच पलंग, तिथंच टेबल, तिथंच चूल. वर अख्खा मजला गवताचा. ताईंनी (महिला संचालक, करवीर तालुक्यातल्या) पलंगाची फळी हातानं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांचं बी सोप्याला लागूनच गोठा हुता. पण मधी भिंत हुती बाई."

हळूहळू सगळे संचालक त्या गोठ्यात जमले. बाईंचे भाऊ पण आले, ते अजून गाई ठेवतात आणि दूध त्या सकाळच्याच डेअरीला घालतात. मग काय, संचालक मंडळाची मीटिंगच सुरू झाली, मी मधे, दोन्हीकडून एकदम प्रश्न.

पहिला प्रश्न अर्थातच, गाय किती दूध देते. भाऊ म्हणाले, तारीन आणि आबोंदाँस या दोनच जाती चालतात आणि कळपाची सरासरी गाईमागं वर्षाला 5000 किलोच्या वर न्यायचीच नाही, नियम आहे. मी हे सांगितलं तर चेअरमन साहेब म्हणाले, "म्याडम, उलटं सांगताय तुम्ही. कमीत कमी असंल." मी परत विचारलं. नाही, जास्तीत जास्त. गोठ्यात शांतता. दूध वाढवा दूध वाढवा म्हणून ज्यांनी आयुष्यभर एचएफ (म्हणजे भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टिन) गाई वाटल्या त्यांच्यासमोर एक माणूस सांगतोय की जास्त दूध काढायला बंदी आहे. त्यात पुढं ते म्हणाले की मुरघासपण (बॅगेत किंवा खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा) चालत नाही, हिवाळ्यात मुख्यतः वाळलं गवत, तेही बहुतेक याच भागातलं. यावर तर गदारोळ. केमिस्ट साहेबांनी मग समजावलं की मुरघासात जे जिवाणू असतात त्यांचे स्पोअर्स, म्हणजे चिवट बीजाणू, कच्च्या दुधातनं चीजमध्ये जातात आणि महिन्यांनंतर आत गॅस होऊन अख्खं चाक फुगून फुटतं. आणि दूध इथं कच्चंच वापरायचं असतं, शिवाय हे स्पोअर्स पाश्चराइझ करूनही मरत नाहीत. 1968 पासून या चीजला कायद्यानं नाव राखीव आहे, या ठरावीक डोंगरी भागात, या नियमांनी केलं तरच बोफोर. आणि म्हणून भाव. भावांनी लिटरचा आकडा सांगितला तेव्हा संचालकांनी मोबाईल काढून रुपयात केला आणि मग कोणी बोललं नाही थोडा वेळ. फ्रान्समधल्या साध्या दुधाच्या मानानंसुद्धा हा दर बराच वरचा आहे, हे मला सकाळीच डेअरीत कळलं होतं.

मधेच ड्रायव्हर काकांचा फोन. मी दहा मिनिटं म्हटलं.

मग विषय गावावर आला. भाऊंनी 1957 सांगितलं. त्या जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असताना इटलीच्या बाजूनं धो धो पाऊस आला आणि आर्क आणि तिचे ओढे गावात घुसले, सगळ्या वरच्या खोऱ्यात वाताहत झाली. बरेच लोक म्हणायला लागले की गाव सोडूया. तसंही लोक जातच होते, या खोऱ्यातली माणसं, विशेषतः बेसाँची, पॅरिसला जाऊन टॅक्सी चालवायची, पिढ्यान्‌पिढ्या. (इथं ताई म्हणाल्या, "म्हणजे आमचं मुंबईचं माथाडी.") पण आदल्याच वर्षी इथं एक तिशीच्या आतला तरुण महापौर झाला होता, जिल्बेर आंद्रे, आणि तो मूळ इथला नव्हेच, फ्रान्सच्या पार दुसऱ्या भागातून आलेला. त्यानं लोकांना थोपवलं. तारा जमिनीखाली, अँटेना नाहीत, गाड्या बाहेर, नवं बांधकाम जुन्या गावापासून बाजूला आणि तेही दगड-लाकडाचं, स्कीइंगचं केंद्र 1968 ला आणलं पण आटोपशीर. शेजारच्या व्हानुआझ नॅशनल पार्कमागंही तो होता, 1963 चा, फ्रान्समधला पहिला, इटलीच्या ग्रान पाराडिसोला लागून, डोंगरी बोकड वाचवायला. आणि हा माणूस 1995 पर्यंत महापौर.

"चाळीस वर्सं एकच सरपंच?" चेअरमन साहेबांच्या आवाजात शुद्ध कौतुक होतं. "विरोधक न्हवते काय?"

बाई म्हणाल्या, होते की, आमच्या घरातच होते.

आणि मग अण्णांनी दुपारचा सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. "त्यांना इचारा, पोराचं लगीन झालं, घर वाढवायचं म्हनलं तर काय करायचं? वरनं स्लॅब टाकता येत न्हाई, बाजूला खोली काढता येत न्हाई. मग पोरगं ऱ्हानार कुठं?"

याला भाऊंनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले की त्यांचा मुलगा खाली मोदानला राहतो. लोझच्या छपराची दुरुस्ती भयंकर महाग, ती बसवणारे कारागीर थोडे, आणि जुनी घरं विकायला निघाली की शहरातले लोक घेतात आणि वर्षातनं काही आठवडे उघडतात. गावात राहणारी माणसं अडीचशेच्या आसपास. बाईंना हे काही पटलं नाही, त्या म्हणाल्या नियम नसते तर मुलगा इथं असता याची काय गॅरंटी, आधी हॉटेलवाले असते. त्यावरून बहीण-भावाचं आपसात असं काही जुंपलं की मी भाषांतर करायचं सोडून दिलं, आणि गंमत म्हणजे आमच्या कोणाला त्याची गरजही वाटली नाही, सगळे माना डोलावत ऐकत होते.

माझं मत विचाराल तर मी भावाच्या बाजूची. फ्रान्समध्ये 'सर्वात सुंदर गावं' म्हणून एक संघटना आहे 1982 पासूनची, बोनव्हाल त्यात आहे, पाटी लागलेली आहे, आणि ती पाटी बघून आमच्यासारख्या बसेस येतात. पण बंद खिडक्या मोजल्या असत्या तर फोटोला तेवढ्या चांगल्या दिसल्या नसत्या. तरी एक मानलं पाहिजे, की गाई अजून आहेत, आणि त्या आहेत त्या दुधाच्या दरामुळं. नुसत्या सुंदरपणावर गोठा चालत नाही.

काकांचा तिसरा फोन आला तो फ्रेंचमध्ये नव्हता, पोर्तुगीजमध्ये होता, अर्थ पोचला. निघताना अण्णांनी एक ग्रबों मागून घेतला, बाईंनी पेपरात गुंडाळून दिला आणि विमानात नेऊ देणार नाहीत हे मी सांगूनही तो पिशवीत गेला. (मुंबईपर्यंत पोचला की नाही ते मी मुद्दाम विचारलं नाही.)

माँ सनीच्या वळणांवर बसमध्ये मोठमोठ्यानं वाद. अर्धे म्हणत होते दूध कमी करून दर वाढवायचा हे आपल्याकडं भिकेला लावेल, आपल्याकडं दोन-तीन गाईवाला शेतकरी, त्याला पाच महिने चीज पिकेपर्यंत कोण थांबणार. ताई म्हणत होत्या, दहा दिवसांचं बिल उशिरा झालं तर बायका दारात येतात, पाच महिने कसले. केमिस्ट साहेब मागच्या सीटवरून कुठल्यातरी देशी गाईच्या तुपाचं काहीतरी सुचवत होते, त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. तुरीनला पोचलो तेव्हा हॉटेलचं किचन बंद, मग सगळ्यांनी रूमवर चिवडा आणि चपात्या.

दौऱ्याचा रिपोर्ट मलाच टाईप करायचा होता. चेअरमन साहेब दुसऱ्या दिवशी नाश्त्याला माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, सगळं लिवा. गोठा लिवा, पूर लिवा, त्यो चाळीस वर्सांचा सरपंच तर ठळक लिवा. फक्त त्ये मुरघासाचं तेवढं वगळा. आवंदा अनुदानावर बॅगा वाटल्यात आपण."