दहा मैल कमी पडले

सुट्टीला घरी आलोय. (हो, मुलगीच आहे. कोल्हापूरच्या पोरी आम्ही 'आलो-गेलो'च म्हणतो, बारामतीत यावरून माझी रोज टिंगल होते, तर इथून पुढं जरा शहाण्यासारखं 'आले-गेले' लिहिते.) चार दिवस झाले जेवायच्या टेबलावर माझा नकाशा पसरलाय, त्यामुळं घरातले सगळे हॉलमध्ये ताट मांडीवर घेऊन जेवतायत, आणि आई दिवसातनं तीनदा विचारते, 'तुझं ते उचलू का गं?' मी ओरडते हात लावू नको, पट्टी हलली की परत सगळे कोन मोजायला लागतात.

विषय असा आहे की बारामतीत मी विमान चालवायला शिकते आणि माझी 300 ची क्रॉस कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर जायची लांबची फ्लाइट, राहिलीय. कमर्शियल लायसन्सला एकूण 200 तास लागतात, त्यातले 100 पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमान आपल्याच जबाबदारीवर, त्यात 20 तास क्रॉस कंट्रीचे, आणि त्या 20 मध्ये एक तरी फ्लाइट अशी पाहिजे की अंतर किमान 300 नॉटिकल मैल आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. 1 नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, म्हणजे झाले साडेपाचशे किलोमीटर. शेजारची सीट रिकामी.

आमचे इन्स्ट्रक्टर सर म्हणाले रूट तू काढून आण, मी तपासतो. आता बारामतीत शिकणाऱ्या कोल्हापूरच्या मुलीला रूट काढ म्हटल्यावर ती पहिली रेघ कुठं मारणार हे काय सांगायला पाहिजे का? पप्पांचं लेथचं शॉप गोकुळ शिरगावला आहे, उजळाईवाडीचा रनवे तिथून हाकेच्या अंतरावर. राजाराम महाराजांनी 1939 मध्ये बांधलेला हा विमानतळ, पण माझ्या लहानपणी तिथं विमान येणं बंद असायचं, चालू व्हायचं, परत बंद पडायचं, आणि एखादं आलंच तर शॉपमधली सगळी मशीन सोडून बाहेर यायची. तिथं मला स्वतः उतरायचंय. बाकीचा रूट त्याच्या भोवती.

पहिला रूट अर्ध्या तासात काढला. बारामती ते कोल्हापूर 95, कोल्हापूर ते सोलापूर 110, सोलापूर ते बारामती 85. मस्त त्रिकोण, दोन लँडिंग, संध्याकाळी हॉस्टेलवर परत. बेरीज केली तर 290. परत मोजलं, पट्टी बदलून मोजलं, लॅटिट्यूड-लाँगिट्यूड टाकून कॅल्क्युलेटरवर काढलं, तरी 290च. दहा मैल कमी. दहावीला दोन मार्कांनी क्लास गेलेल्या पोरासारखी मी नकाशाकडं बघत बसले. ग्रेस वगैरे काही नसतं इथं, लॉगबुकात 290 लिहिले की ती फ्लाइट 300 वाली धरत नाहीत, पेट्रोल गेलं ते गेलं.

मग सोलापूर काढून लातूर घातलं. कोल्हापूर ते लातूर 162, लातूर ते बारामती 107, एकूण 365 च्या आसपास. मोठा रूट झाला पण खरं सांगू का, हा जास्त आवडला. आईलासुद्धा. कारण कोल्हापूरहून लातूरला साधारण 50 अंशावर निघालं की सांगली उजव्या हाताला ठेवून सांगोल्याजवळून जाता येतं, पुढं भीमा ओलांडायची, तेव्हा पंढरपूर डावीकडं लांब राहतं, आणि मग तुळजापूर उजवीकडं नि धाराशिव डावीकडं ठेवून मधनं सरळ लातूर. आईनं रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, 'अंबाबाईपासनं निघायचं, इठोबा डावीकडं, तुळजाभवानी उजवीकडं. ह्यात काय प्लॅनिंग करायचंय? देवानंच काढलाय की.' मी म्हटलं आई, ते चेकपॉइंट आहेत.

चेकपॉइंट म्हणजे काय तर दर दहा-पंधरा मिनिटांनी खाली असं काहीतरी दिसलं पाहिजे ज्यावरून तुम्ही कुठं आहात हे ठामपणे सांगता येईल. जीपीएस असतो, पण तो बंद आहे असं धरूनच प्लॅन करायचा हा आमच्याकडं नियम. बारामतीहून निघाल्यावर फलटण उजवीकडं, मग महादेवाचे डोंगर, वडूज जवळजवळ पायाखाली, विटा डावीकडं, आष्टा डावीकडं जवळ, मधे कृष्णा आडवी येणार. गावं फसवतात. वरून प्रत्येक गाव सारखंच दिसतं, पत्रे, पाण्याची टाकी, देवळाचं शिखर. नदी फसवत नाही, तिची वळणं नकाशात जशीच्या तशी असतात. आणि आपल्याकडं सीझनला अजून एक भारी सोय असते, साखर कारखान्याच्या चिमण्या. धूर कुठं चाललाय ते बघितलं की वारा कळतो, आणि उसाच्या पट्ट्यात एक धुराडं मागं पडेपर्यंत पुढचं दिसतंय.

वाऱ्याचं गणित पप्पांना समजावत बसले होते परवा. बारामती-कोल्हापूर ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून जायच्या रेघेची दिशा, 190 अंश, म्हणजे दक्षिणेला जरा पश्चिम. समजा वारा बरोबर पश्चिमेकडून 15 नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), आणि आमचं सेस्ना 172 हवेत 105 नॉटनं चाललंय. नाक 190 वर ठेवून नुसतं बसलं तर वारा तुम्हाला तासाभरात डावीकडं ढकलत नेतो, कोल्हापूर यायच्या वेळेला तुम्ही तेरा-चौदा मैल पूर्वेला असता. तेरा-चौदा मैल म्हणजे पंचवीस किलोमीटर. पप्पांनी लगेच हिशोब केला, 'म्हणजे इचलकरंजीच्या फुडं, शिरोळकडं.' बरोबर! म्हणून नाक आठ अंश वाऱ्याकडं, 198 वर धरायचं, म्हणजे विमान तिरकं तिरकं चालत सरळ जातं. आजी कोपऱ्यातनं म्हणाली शिरोळला गेलीस तर वाडीला जाऊन ये, दत्ताचं दर्शन होईल नि येताना बासुंदी आण.

वेट अँड बॅलन्स पप्पांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. आमच्या 172 आर ला उडताना जास्तीत जास्त वजन 1111 किलो चालतं, त्यात विमानाचं रिकामं वजन, पेट्रोल, मी, माझी बॅग. एकटीच असल्यामुळं वजन कुठंच जवळ जात नाही, पण नुसतं वजन बघून भागत नाही, ते कुठं ठेवलंय हेही बघायला लागतं, प्रत्येक वजन गुणिले त्याचं अंतर. 'मोमेंट,' पप्पा म्हणाले, 'हे काय मला शिकवतीस, फेसप्लेटवर बॅलन्सिंगचं वजन लावतो ते काय असतं?' आणि माझी फ्लाइट बॅग उचलून शॉपमधल्या कास्टिंगच्या काट्यावर ठेवून आले. 7 किलो 400. मी फॉर्मवर गेले सहा महिने डोळे झाकून 5 लिहीत होते. हे सरांना सांगणार नाहीये.

आता पेट्रोल, ज्यावर माझी सगळ्यात जास्त पानं खर्च झाली. आमच्या इंजिनाला अॅव्हगॅस लागतं, निळ्या रंगाचं, आणि ते सगळीकडं मिळत नाही. एटीआर, म्हणजे पंख्याचं प्रवासी विमान, ज्यावर चालतं ते जेट फ्युएल वेगळं, ते पिस्टन इंजिनात गेलं तर टेकऑफनंतर विषय संपला. त्यामुळं प्लॅन करताना मी कोल्हापूर आणि लातूर दोन्हीकडं थेंबही मिळणार नाही असंच धरलं. टाकीत वापरता येण्यासारखं 200 लिटर बसतं. वारा धरून तिन्ही टप्प्यांचे वेळ काढले, 57 मिनिटं, 84 मिनिटं, 72 मिनिटं. बघा, दुसऱ्या टप्प्यात वारा मागनं ढकलतोय तर 162 मैल दीड तासाच्या आत, आणि तिसऱ्यात तोच वारा तोंडावर तर 107 मैलांना सव्वा तास जवळजवळ. एकूण साडेतीन तास. तासाला 33 लिटर धरलं तर 117 लिटर, तीनदा स्टार्ट, टॅक्सी, चढणं याचं 15 लिटर वरचं, पाऊण तासाचं रिझर्व्ह 25. झाले 157. उरले 43. हे 43 म्हणजे माझी खरी कमाई. कोल्हापूरला उतरता आलं नाही तर बेळगाव 50 मैलांवर आहे, कऱ्हाडची धावपट्टी त्याहून जवळ, आणि लातूरला नाही जमलं तर सोलापूर किंवा नांदेड. पण बेळगावला जाऊन मग तिथनं पुढं लातूर असलं काही नाही, अल्टरनेटला गेलं की त्या दिवसाचा खेळ संपला, फोन करायचा, चहा प्यायचा.

जेआरडी टाटांचं आठवलं हे करताना. 15 ऑक्टोबर 1932 ला ते एका इंजिनाच्या पस मॉथमधनं टपाल घेऊन कराचीहून मुंबईला आले, तेव्हा वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतनं आणले होते. म्हणजे बैलगाडीवाला वेळेत आला नसता तर टाटांचं पहिलं एअरमेल अहमदाबादेत बसून राहिलं असतं. मला निदान माझ्या बैलगाडीवर अवलंबून राहायचं नाहीये.

उंचीचंही एक सांगते. ट्रॅक 180 ते 359 असेल तर समसंख्येचा हजार अधिक पाचशे, 0 ते 179 असेल तर विषम अधिक पाचशे, म्हणजे समोरासमोर येणारी दोन विमानं एकाच उंचीवर नसतात. तर कोल्हापूरकडं 6500 फूट, लातूरकडं 5500, परत येताना 6500. कोल्हापूरचा रनवे स्वतःच दोन हजार फुटांवर आहे. एप्रिलमध्ये 35 डिग्रीला तिथनं उडायचं तर विमानाला ते जवळजवळ पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, हवा पातळ, इंजिन दमतं, रनवे जास्त लागतो. आत्ता थंडी आहे म्हणून हे सोपं आहे.

थंडीचा त्रास मात्र दुसरा. पंचगंगा-कृष्णेच्या काठानं सकाळी धुकं बसतं, त्यात उसाचा पाला पेटवलेला धूर, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे माहीत असतं, पुलावर सकाळी गाडीचे लाइट लावून जायला लागतंय. आणि आम्हाला व्हीएफआरमध्ये, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून उडायच्या नियमात, 5 किलोमीटरपर्यंत दिसलं पाहिजे. बारामतीत लख्ख ऊन आणि इकडं दुलई, असं सहज होऊ शकतं. पहिल्या प्लॅनमध्ये मी सातला निघणार होते. का? कारण आठला उजळाईवाडीला उतरले तर पप्पांची पोरं शॉप उघडायच्या आधी बघायला येऊ शकतात. हे कारण मी कुठल्याही कागदावर लिहिलं नव्हतं पण खरं कारण तेच होतं.

आणि इथं सरांचा फोन. मी कौतुकानं सगळं सांगितलं, 43 लिटरसुद्धा सांगितलं. त्यांनी पेट्रोलबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, 'कोल्हापूरला किती माणसं येणार आहेत तुला बघायला?'

मोजलं. पप्पा, आई, आजी, काका-काकू, दोन आत्या, शॉपमधली सहा पोरं, शिवाय माझ्या मैत्रिणीनं स्टेटसला टाकलेलंच होतं. आजी तर नवीन नऊवारी काढून बसलीय.

'चौदा-पंधरा,' म्हटलं.

'मग तू आष्ट्याच्या वर आहेस, समोर दुधासारखं पांढरं दिसतंय, मागं फिरशील?'

मी लगेच हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जरा जास्तच लगेच म्हणाले. मी फिरले असते का? बहुतेक पाच मिनिटं अजून बघू म्हणाले असते. मग अजून पाच. खाली उतरून बघू, रस्ता दिसेल, हायवे धरून जाऊ, आपल्याच गावात कोण चुकतंय. मला तो हायवे पाठ आहे ना, किणी टोलनाक्यापासून तावडे हॉटेलपर्यंत. पाठ असलेला रस्ता म्हणजेच तिथली खरी भीती. अनोळखी गावात मी शंभर टक्के फिरले असते.

तर रात्री परत बसले. निघायची वेळ सव्वानऊ केली. कोल्हापूर सव्वादहा, अकराला तिथून निघायचं, लातूर साडेबाराच्या आत, बारामती अडीच. याहून उशीर नको, कारण शेवटचा टप्पा 264 अंशांवर, मावळतीकडं तोंड करून आहे, आणि वाटेत उजनीचा फुगवटा ओलांडायचा, भिगवणचे फ्लेमिंगो फोटोत छान दिसतात पण डोळ्यांवर ऊन असताना समोर पक्षी नकोत. नॅव्ह लॉगच्या, म्हणजे रूट नि वेळा लिहिलेल्या कागदाच्या, मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: 40 व्या मिनिटाला कृष्णा स्पष्ट दिसली नाही तर डावीकडं वळून परत, विचार करायचा नाही. आता फ्लाइट प्लॅन फाइल करणं, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) नंबर घेणं, लातूरला आधी फोन करून कोणी हजर आहे का विचारणं, हे त्या दिवशीचं काम.

आणि घरात सांगितलं की तारीख कुणालाच सांगणार नाही.

मग जे झालं ते काय लिहू. आत्याचा फोन, काकांचा फोन, आजी दोन तास बोलली नाही. आई म्हणाली निदान निघताना मिस्ड कॉल तरी दे. मी म्हटलं, मिस्ड कॉल म्हणजेच तारीख की गं, तू एका मिनिटात सगळ्या गल्लीला सांगशील. ती म्हणाली, 'हो, सांगणार की मग.'

पप्पा काही बोलले नाहीत. सकाळी शॉपला निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, 'एटीआरचा आवाज रोजचा हाय. बारकं इंजिन आलं की मला आतनं कळतंय, लेथ चालू असलं तरी.'

तारीख मी अजून सांगितलेली नाही.