तुम्ही विचारलंत म्हणून: औजार संगणकात कशाला चालवायचं?

"रान समोर असताना औजार संगणकात कशाला चालवता?" शेतीच्या औजारांची डिझाइनं तपासणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी येतो; शेतकऱ्यांकडून जास्तच.

रानात औजार फिरलं की वर निघालेली ढेकळं दिसतात. जमिनीखाली फाळाच्या टोकापाशी काय घडलं ते दिसत नाही, आणि सगळं ठरतं तिथेच. सबसॉयलरचंच घ्या, म्हणजे अरुंद फाळाने खोलवरची माती फोडणारं औजार. उसाच्या रानात ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या फेऱ्यांनी खालची माती दडपते. तो थर फोडायला सबसॉयलर घालतात, आणि जितका खोल तितका चांगला असं धरून चालतात. पण अरुंद फाळाला एक ठरावीक खोली असते. तोवर माती पुढे आणि वर उचलली जाते, भेगा पृष्ठभागापर्यंत येतात. त्याहून खाली गेलात की मातीला वर यायला वावच उरत नाही; ती बाजूंना दाबली जाते. डिझेल जळतं आणि थर फुटायच्या ऐवजी चिरेच्या दोन्ही कडा आणखी घट्ट होतात. गॉडविन आणि स्पूर या संशोधकांनी 1977 साली हे मांडलं. माती ओली असली तर ही खोली आणखी कमी होते. फाळाच्या पायाशी पंख जोडले तर वाढते.

पंख किती रुंद, किती कलते, हे दरवेळी लोखंड कापून बघणं परवडत नाही. म्हणून संगणक. कंडॉल आणि स्ट्रॅक या संशोधकांच्या 1979 सालच्या पद्धतीत माती म्हणजे असंख्य सुटे गोळे. प्रत्येक जोडीतलं घर्षण, चिकटपणा काढायचा आणि सेकंदाच्या अतिसूक्ष्म टप्प्यांनी सगळ्यांना पुढे सरकवायचं. फाळावरचा जोर चढतो, ढेकूळ सुटतं, जोर उतरतो, पुन्हा चढतो. मातीच्या हौदात सेन्सर लावून खरा फाळ ओढला तरी आलेख असाच करवतीच्या दात्यांसारखा येतो. तो जुळला की मला फार आनंद होतो.

चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहून बारीक. तितके कण मोजणं अशक्य, म्हणून काही मिलिमीटरचे गोळे घेऊन ते खऱ्या मातीसारखे वागेपर्यंत त्यांचे गुणधर्म जुळवत बसावं लागतं. त्यासाठी मातीचे नमुने हवेतच, ओलीसकट. रानाशिवाय माझं मॉडेल काही कामाचं नाही.

तेव्हा सबसॉयलर घालण्याआधी एक खड्डा खणा. थर किती खोल आहे ते बघा, तिथली माती मुठीत दाबा. गोळा वळला तर थांबा, वरती वाफसा आलेला असला तरी.