नावं बदलली, क्यू तीच आहे

आयबीएमची सॉफ्टवेअरची जुनी यादी पहिल्यांदा बघितली की कोणीही गोंधळतं, वेबस्फियर, रॅशनल, टिवोली, लोटस, डीबीटू, आणि प्रत्येकाच्या पोटात अजून डझनभर नावं. यातली बरीचशी मुळात विकत घेतलेल्या कंपन्यांची नावं आहेत, लोटस १९९५ मध्ये घेतली, टिवोली १९९६ मध्ये, रॅशनल २००३ मध्ये. टीममध्ये नवीन आलेली मुलं विचारतात सुरुवात कुठून करू, मी दरवेळी सांगतो एमक्यूपासून कर, म्हणजे एका प्रोग्रामचे मेसेज दुसऱ्याला पोचवणाऱ्या आयबीएमच्या सॉफ्टवेअरपासून.

कारण नाव कितीही बदललं तरी आतली गोष्ट तीच राहिलीय. १९९३ ला एमक्यूसिरीज म्हणून आलं, मग वेबस्फियर एमक्यू झालं, २०१४ पासून आयबीएम एमक्यू. काम एवढंच, की एक प्रोग्राम क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, मेसेज टाकतो आणि आपल्या कामाला लागतो, दुसरा त्याच्या सवडीने उचलतो, तो बंद पडलेला असला तरी पहिल्याचं काही अडत नाही. ऐकायला सोपं वाटतं पण खरी मजा सिंकपॉइंटमध्ये आहे, म्हणजे सगळं काम पुरं होईपर्यंत मेसेज उचलणं पक्कं होत नाही. मेसेज उचलला, डेटाबेसमध्ये एन्ट्री करताना प्रोग्राम मेला, तर रोलबॅक होऊन, म्हणजे अर्धवट काम मागे घेतलं जाऊन, मेसेज परत क्यूवर येतो, हरवत नाही. आता मेसेजच खराब असेल तर? उचल, फेल, परत, पुन्हा उचल, असं रात्रभर चालू राहतं आणि मागचे मेसेज तुंबतात. म्हणून बॅकआउट काउंट, म्हणजे मेसेज किती वेळा परत आला याचा आकडा, असतो आणि असे मेसेज ठेवायला वेगळी बॅकआउट क्यू ठरवावी लागते. इथे बरेच जण फसतात, क्यू मॅनेजर, म्हणजे क्यू सांभाळणारा एमक्यूचा प्रोग्राम, फक्त मोजतो, मेसेज बाजूला काढून ठेवायचं काम अॅप्लिकेशनने करायचं असतं, जेएमएस (जावातून मेसेज पाठवायची ठरलेली पद्धत) वापरत असाल तर ती लायब्ररी ते करते.

डेव्हलपमेंट टूल्समध्ये मला सगळ्यात मोठं काम एक्लिप्सचं, म्हणजे कोड लिहायच्या आणि तपासायच्या सॉफ्टवेअरचं, वाटतं. आयबीएमने २००१ मध्ये एक्लिप्सचा कोड ओपन सोर्स केला आणि स्वतःची रॅशनलची टूल्सही त्याच्यावरच उभी केली, त्यामुळे जावा शिकताना एक्लिप्स वापरलेल्या माणसाला ती टूल्स परकी वाटत नाहीत.

एमक्यूची डेव्हलपर एडिशन फुकट आहे, कंटेनरमध्ये चालते. एक क्यू बनवा, डीफॉल्ट पर्सिस्टन्स (मेसेज डिस्कवरच्या लॉगमध्ये लिहून ठेवणं) बंद ठेवा, बरोबर येणाऱ्या सॅम्पल प्रोग्रामने मेसेज टाका आणि क्यू मॅनेजर बंद करून परत चालू करा, मेसेज गेलेला असेल. आता पर्सिस्टन्स चालू करा आणि तेच पुन्हा करा. या वेळी तो तिथेच असेल, आणि लॉग फाइल्स कशासाठी असतात हे मग कोणी वेगळं समजवायला लागत नाही.