खांदेरीची परवानगी आणि दशमीची भरती

अलिबागजवळील थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचे बेट इतके जवळ दिसते की तेथे पोहोचण्यास मला पाच आठवडे लागले, हे कोणाला सांगावेसेही वाटत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले व त्यांत खांदेरी आहे, हे कळल्यापासून भाचेमंडळी मागे लागली होती. माझा स्वतःचा हेतू मात्र वेगळा होता. मुंबई बंदराचा उपसागर शाळेत वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो होतो. निवृत्तीनंतर एकदा त्याच्या दक्षिण दाराशी उभे राहून तो पाहायचा होता.

होडी, तांडेल, लाइफ जॅकेटे आणि अकरा जणांच्या आधार कार्डांच्या प्रती एका संध्याकाळी जमल्या. अडले ते परवानगीच्या अर्जापाशी. ‘कोठे जाणार’ या रकान्यात मी ‘खांदेरी किल्ला’ असे लिहिले होते. दहा दिवसांनी चौकशीस गेलो तेव्हा खिडकीवरील गृहस्थांनी सांगितले की या नावाचे ठिकाण त्यांच्या यादीत नाही. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या व सिद्दीच्या डोळ्यांदेखत ज्या बेटावर तट उभारला, ते यादीत नाही म्हणजे काय, असे मी चढ्या आवाजात विचारले, आणि तेथेच माझे चुकले. “तुम्ही म्हणता ते असेल, सर, आमच्याकडे कान्होजी आंग्रे बेट आहे,” एवढेच उत्तर मिळाले. बेटाचे ते सरकारी नाव मलाही ठाऊक होते, पण खोडून दुरुस्ती चालणार नव्हती. अकराही प्रतींसह अर्ज नव्याने द्यावा लागला. तेव्हा तुम्ही दोन्ही नावे लिहा, सरकारी आधी.

या हेलपाट्यांत ठरवलेला एकादशीचा शनिवार निघून गेला. “मग पुढचा शनिवार घ्या,” असे त्या गृहस्थांनी सहज सुचवले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब त्यांना सांगून पाहिला. एकादशीला सव्वाआठला पाणी भरते. पुढच्या शनिवारी तृतीया, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला आणि सकाळी आठला नेमकी ओहोटी, त्यामुळे आमची होडी चिखलात बसलेली असणार. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि “शनिवारच ना तोही?” असे विचारले. अखेर चौदा दिवसांनंतरची, दशमीची तारीख मागितली, आणि परवानगीचा कागद आदल्या दिवशी दुपारी हाती आला.

साडेसातच्या भरतीला निघालो. वेताळाचे देऊळ, चाकांच्या तोफगाड्यांवर अजूनही उभ्या असलेल्या तोफा, आघात केला की धातूसारखा वाजणारा दगड, हे सर्व मुलांनी पाहिले. मी १८६७ च्या दीपगृहाजवळ वही घेऊन बसलो. उत्तरेस मुंबईच्या कुलाब्याचे धुरकट टोक, ईशान्येस करंजाची टेकडी आणि त्यांच्यामधून आत शिरलेले बंदराचे पाणी, जे पुढे घारापुरीला वळसा घालून ठाण्याच्या खाडीपर्यंत जाते. करंजाच्या अलीकडे धरमतर खाडीचे तोंड आहे, हे जहाजांच्या वाटेवरूनच ओळखावे लागते. पूर्वेला कनकेश्वराचा डोंगर. जाळे कोठे टाकले ते तांडेल याच डोंगरावरून लक्षात ठेवतो. या दारातून येणारे प्रत्येक गलबत येथून दिसत असणार, मग १६७९ मध्ये इंग्रज एवढे का बिथरले हे फळ्यापेक्षा येथे लवकर समजते.

पाणी व जेवण भरपूर न्यावे, कारण दुपारी दीडच्या ओहोटीनंतर पाणी चढेपर्यंत थळला होडी लागत नाही. आम्ही पाच वाजता परत निघालो. आणखी एक राहिले. शेजारची उंदेरी, जी सिद्दीने १६८० मध्ये खांदेरीला शह म्हणून बांधली, तिचे नाव अर्जात घालण्याचे मला सुचलेच नाही. तांडेल होडी तटाजवळून नेण्यास तयार होता, उतरवण्यास नाही.