डब्यात सहा रुपये कमी

शाळा सुटून दोन तास झाले, तरी डोक्यात तो पत्र्याचा डबाच आहे.

जूनपासून पाचवीच्या वर्गात प्रामाणिकपणाचं दुकान मांडलंय. पेन्सिली, खोडरबर, वह्या. दुकानदार कुणी नाही. हवं ते घ्यायचं, पैसे डब्यात टाकायचे. आज सकाळी हिशोब केला तर सहा रुपये कमी. कुणी घेतलं ते विचारलंच नाही मी. पोरांना गोल बसवलं आणि म्हटलं, आता काय करायचं सांगा. बरेच जण म्हणाले, "कुलूप लावा बाई." मग एक जण, जिची आई घरी विड्या वळते, हळूच म्हणाली, "ज्याच्याकडं पैसे नसतील त्यानं चिठ्ठी टाकावी. नंतर देईल की."

मधल्या सुट्टीनंतर डब्यात दोन चिठ्ठ्या. नावासकट.

मूल्यशिक्षण परिपाठातल्या सुविचारापाशीच थांबतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. मुलं फळा वाचत नाहीत, माणसं वाचतात. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटायचं जाहीर केलं. हे सांगितलं की पोरं आधी "म्हणजे किती रुपये?" विचारतात, मग गप्प होतात. ती शांतता मला फार मोलाची वाटते.

उद्या चिठ्ठ्यांसाठी वेगळा डबा न्यायचाय. घरात श्रीखंडाचा रिकामा आहे, तोच धुऊन ठेवलाय.