मॅजिकमध्ये डिफरन्शियल पेअर बसवताना: माझा अनुभव

एमटेकच्या प्रोजेक्टला पाच ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर घेतला होता, स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या 130 नॅनोमीटर पीडीकेवर (पीडीके म्हणजे त्यांच्याकडे चिप बनवायला लागणारे नियम आणि मॉडेल्स यांचा संच). हे पीडीके गूगल आणि स्कायवॉटरनं 2020 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि मॅजिक हा लेआउट (चिपवरच्या थरांचा नकाशा) काढायचा एडिटर 80 च्या दशकात बर्कलीला बनलेला, तोही फुकट, म्हणजे लायसन्ससाठी लॅबच्या वेळा सांभाळा वगैरे काही नाही, रात्री घरच्या लॅपटॉपवर बसून काम करता येतं. माझ्यासाठी ही खूप मोठी गोष्ट होती.

सिम्युलेशन आठवड्यात उरकलं. खरा वेळ गेला तो लेआउटमध्ये.

मॅजिकचा हात बसायला दोन-तीन दिवस लागतात. माउसच्या डाव्या बटणानं बॉक्सचा खालचा डावा कोपरा, उजव्यानं वरचा उजवा, मग आत लेयर रंगवायचा. डिफ्यूजनवरून (सिलिकॉनचा डोप केलेला भाग) पॉलीची, म्हणजे गेट बनवणाऱ्या पॉलिसिलिकॉनची, पट्टी नेली की तिथे आपोआप ट्रान्झिस्टर तयार होतो, ते पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं आणि पुस्तकातली आकृती तेव्हा कुठे नीट कळली.

इनपुटचे दोन ट्रान्झिस्टर, म्हणजेच डिफरन्शियल पेअर (दोन इनपुटमधला फरक मोठा करणारी एकसारखी जोडी), मी शेजारी शेजारी ठेवले होते, डावीकडे ए, उजवीकडे बी. डीआरसीत, म्हणजे अंतर-रुंदीच्या नियमांच्या तपासणीत, चुका शून्य. मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "अगं, गेटखालच्या ऑक्साइडची जाडी डावीकडून उजवीकडे थोडी बदलत गेली तर एकाला एक मिळेल, दुसऱ्याला दुसरी. मग मॅचिंग कुठे राहिलं?" मग सगळं पुसलं आणि वही घेऊन बसले. प्रत्येकाचे दोन फिंगर, म्हणजे समांतर जोडलेले दोन तुकडे, केले आणि ए-बी-बी-ए असे लावले, म्हणजे दोघांचा मध्य एकाच जागी येतो आणि सरळ रेषेत होणारा बदल दोघांना सारखाच लागतो. वहीत डिफ्यूजनचा क्रम लिहिला (ड्रेन आणि सोर्स म्हणजे गेटच्या दोन बाजूंची टोकं): ए चा ड्रेन, सोर्स, बी चा ड्रेन, सोर्स, परत ए चा ड्रेन. चार गेटला पाचच डिफ्यूजन, सोर्स दोघांचा एकच, जागाही वाचली. दोन्ही टोकांना एकेक डमी, म्हणजे नुसतं जागा भरणारं, गेट टाकलं, कारण कडेचं गेट एचिंगमध्ये मधल्यांपेक्षा वेगळं निघू शकतं. ही दोन्ही डमी गेट ग्राउंडला बांधली. डमी स्केमॅटिकमध्येही (सर्किटच्या आकृतीत) दाखवावे लागतात हं, नाहीतर एलव्हीएसला, म्हणजे लेआउट आणि स्केमॅटिक ताडून बघणाऱ्या तपासणीला, ट्रान्झिस्टरची संख्याच जुळत नाही.

नंतर अडकले ते पीमॉसच्या (पी प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या) बाजूला. डीआरसी स्वच्छ पण एलव्हीएस करणारं नेटजेन म्हणतंय एक नोड (जोडणीचा बिंदू) जास्त आहे, दीड दिवस मी गेटच्या वायरी तपासत बसले आणि चूक निघाली एन-वेलच्या टॅपमध्ये (एन-वेल म्हणजे पीमॉस ज्यात बसतात तो भाग, टॅप म्हणजे त्याला जोडणी देणारी जागा). टॅप होता, टॅपवर मेटलही होतं, पण ते व्हीडीडीच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, पट्टीपर्यंत पोचलंच नव्हतं. मेटल वनमध्ये (मेटलच्या पहिल्या थरात) दोन पट्ट्यांत किमान 0.14 मायक्रॉन अंतर लागतं, माझी फट त्याहून मोठी, म्हणून डीआरसीला त्यात काही वावगं दिसलं नाही, तिथे जोड हवा होता हे त्याला कुठून कळणार. वेल कशालाच न जोडता तरंगत राहिलेली. बॉक्स ओढून तेवढी फट मेटलनं भरली, परत एक्स्ट्रॅक्ट केलं (लेआउटवरून सर्किट काढून घेतलं) आणि नेटजेननं लिहिलं, सर्किट्स मॅच युनिकली, म्हणजे दोन्ही सर्किट जुळली. रात्रीचे अडीच वाजले होते, आईला उठवून सांगितलं.

आता पॅरासिटिक कपॅसिटन्स (लेआउटमुळे आपोआप येणारा नको असलेला कपॅसिटन्स) धरून परत सिम्युलेशन लावलंय.